लिहून देणे, लिहून घेणे : संयुक्त क्रियापदांतील अर्थभेद

उद्दिष्ट : या घटकाच्या अभ्यासानंतर एकाच धातूपासून बनलेल्या संयुक्त क्रियापदांतील अर्थभेद आपल्याला स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन

इंग्रजीत 'राइट' या क्रियापदापुढे 'डाउन' आले की टिपून घेणे आणि 'ऑफ' आले की बुडीत कर्ज खात्यातून काढून टाकणे, असा अर्थ होतो. मराठीत असे कार्य सहायक क्रियापद करते. 'लिहून' हे धातुसाधित कायम राहते. पुढील क्रियापदानुसार अर्थ पालटतो.

1. लिहून ठेवणे : पुढील उपयोगासाठी नोंद करणे. "कालव्याच्या आवर्तनाची तारीख लिहून ठेव."
2. लिहून टाकणे : काम एकदाचे उरकणे. "अर्ज आजच लिहून टाक."
3. लिहून काढणे : आरंभापासून अखेरपर्यंत लिहिणे. "तिने सगळा धडा लिहून काढला."
4. लिहून देणे : क्रियेचे फळ दुसऱ्याकडे जाणे.
5. लिहून घेणे : क्रियेचे फळ स्वतःकडे येणे.

शेवटच्या दोहोंत लेखणी कोणाच्या हाती, हा प्रश्न गौण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे शके 1212 मध्ये (इ. स. 1290) ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्ञानेश्वर सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहीत, अशी परंपरा आहे. 'बाबांनी ग्रंथ लिहून घेतला' आणि 'ज्ञानेश्वरांनी बाबांकडून ग्रंथ लिहून घेतला' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. लिहिणारा हात एकच. 'कडून' या शब्दयोगी अव्ययामुळे कर्ता मात्र बदलला.

जमिनीच्या खरेदीखतात विकणारा 'लिहून देणार', तर विकत घेणारा 'लिहून घेणार' असतो. मजकूर बहुधा तिसऱ्याच व्यक्तीने तयार केलेला असतो. तरीही या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर मालकी देणारा आणि मिळवणारा यांचीच अदलाबदल होईल. म्हणून सही करण्यापूर्वी आपले नाव कोणत्या शब्दापुढे आहे, हे पाहावे.

कसोटी : दोन क्रियापदांमध्ये 'मग' घालून पाहावे. 'पत्र लिहून मग पेटीत टाकले' येथे क्रिया दोन आहेत. 'पत्र लिहून टाकले' येथे 'मग' घालताच मूळ अर्थ मोडतो; म्हणून ते संयुक्त क्रियापद होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. 'वाचून दाखवणे', 'वाचून घेणे' व 'वाचून काढणे' यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
2. 'भाकरी करून दिली' आणि 'भाकरी करून डब्यात दिली' या वाक्यांना वरील कसोटी लावा.