कृतीतून भाषा

लहान मूल आधी शब्द शिकते आणि मग ते वापरते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बोलणे व करणे या दोन्ही क्रिया त्याच्या बाबतीत बरोबरीनेच चालतात. पाण्यात हात बुडवीत असतानाच ‘गार’ हा शब्द कानी पडला, तर तो स्पर्शासकट मनात रुजतो. डब्यात दाणे टाकताना ‘आत’ व ‘बाहेर’, ‘रिकामा’ व ‘भरलेला’ यांतील भेद त्याला व्याख्येवाचून उमगतो.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात असे दाखवून दिले की, चित्र काढताना हवी ती पेन्सिल मिळाली नाही, तर मुलाचे स्वतःशी बोलणे वाढते. बोलता बोलताच ते अडचणीतून वाट काढते. पुढे हेच बोलणे अंतर्मुख होऊन विचाराचे रूप घेते.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या आज्ञेने मात्र मुलाची कृतीही थांबते आणि वाणीही. त्यापेक्षा कागदाची होडी करणाऱ्या मुलाला शिक्षकाने विचारावे, ‘‘आता कुठे दुमडायचे?’’ उत्तर देताना ते होडीबरोबर एक वाक्यही घडवील.