प्रबंध लिहिणाऱ्या भाचीला

चौसाळा



विषय मंजूर झाल्याचं कळलं. ७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी, तेही आपल्याच भागातलं, म्हणजे उत्तमच. पण ‘आधी सगळं वाचून काढते, मग लिहायला बसते’ हे काही मला पटलं नाही. सगळं वाचून कधी होत नसतं. मग जमा करायची तारीख उरावर येते आणि पोरं इकडचं तिकडचं चिकटवून पानं भरतात. तेही आता पचत नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा ते चाळीस टक्के साम्य निघालं तरी प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो.

आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सुमारे चाळीस फूट लांब नि चार फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. त्यांना दररोज ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका आहे. लोक शाईचं कौतुक करतात. मला कौतुक त्या न चुकणाऱ्या बैठकीचं. तू सकाळी चहाच्या आधी एक पान लिही. भिकार उतरलं तरी लिही, खोडायला नंतर वेळ आहे. मोबाइल तेवढा आईच्या ताब्यात दे.

दोनशे पानी वही घे. डावं पान दुसऱ्याचं, उजवं तुझं. पुस्तकातलं घेतलंस तर नाव आणि पान क्रमांक तिथल्या तिथे टाक. ‘नंतर शोधू’ म्हटलेलं पान पुन्हा सापडत नाही. माणसाशी बोललीस तर त्याच संध्याकाळी उतरव, तेही त्याच्याच शब्दांत. एखादी आजी ‘सुकडी खाऊन दिवस काढले’ म्हणाली तर सुकडीच लिही, तिचा ‘पूरक आहार’ करू नकोस. (तुमच्या विद्यापीठी मराठीला ही खोड फार.)

आणखी एक. इकडची म्हातारी माणसं ७२ च्या दुष्काळी कामांनाही सर्रास रोजगार हमीच म्हणतात. कायदा झाला १९७७ ला, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. तरी त्यांना मध्येच टोकू नकोस. डावीकडे त्यांचं म्हणणं जसंच्या तसं राहू दे, तारखांचा हिशेब उजवीकडे मांड. सगळ्या कामांना लोक एकाच नावाने का ओळखतात, यातच तुझं एखादं प्रकरण दडलेलं असेल.

प्रस्तावना मात्र सगळ्यात शेवटी. काय लिहिलंय ते ठाऊक झाल्याशिवाय ते लोकांना कसं सांगणार?

७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या दोघांशी बोलून ठेवलंय. दोघंही जेवण झालं की आडवे होतात, तेव्हा पहिल्या एसटीने ये. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचार. एकाला ते आवडत नाही.

तुझा
मामा