दुखत नाही म्हणून सोडू नका

पोरींनो, आपण बायका दुखणं अंगावर काढतो आणि जे दुखत नाही त्याकडे ढुंकूनही बघत नाही. कॅन्सरला नेमकं तिथेच फावतं. सुरुवातीला तो बहुधा दुखत नाही. कळा सुरू होतात तोवर बराच उशीर झालेला असतो. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, तेव्हा हे तुमच्या कानावर घालणं माझं कामच आहे.

आपल्याकडे मिश्री, तंबाखू, सुपारी घरोघरी, म्हणून आधी तोंड. महिन्यातून एकदा चूळ भरून उजेडात आरशासमोर उभ्या राहा. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि तंबाखूची चिमूट जिथे धरता ती जागा नीट बघा, बोटाने चाचपा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दाखवायलाच हवा. लाल चट्टा त्याहून वाईट. साधं तोंड आलं तर आठ-पंधरा दिवसांत बरं होतं. दोन आठवडे उलटूनही जखम तशीच असेल तर तुरटी, हळद, ग्लिसरीन पुरे झालं, डॉक्टर गाठा. दात टोचून जखम झाली असं वाटत असेल तर दाताच्या डॉक्टरांकडून त्याची टोचणारी कड घासून घ्या, पण नंतर ती भरते का, यावर डोळा ठेवा. आपली तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे जातात का, तेही बघा. सुपारी-गुटख्याने तोंड हळूहळू आखडतं, आणि त्याआधी साधी आमटीही झोंबायला लागते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी तो मिळतोच. घरातला मुलगा एकाएकी तिखटाची तक्रार करू लागला तर त्याला तोंड उघडायला लावा.

छातीतली गाठ दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तरी लगेच दाखवा. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, एकच का असेना, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडू नका. संबंधांनंतर रक्त जात असेल तर लाज बाजूला ठेवून सांगा. तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना अडकणारा घास, मूळव्याध समजून चालवून घेतलेलं शौचातलं रक्त, हेही तपासून घ्या.

आणखी एक. तपासणीसाठी गाठीचा किंवा जखमेचा तुकडा काढला की आजार पसरतो, असं म्हणणारं कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, आणि या भीतीपायी बायका मोलाचे महिने घालवतात.

पैशांची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.