बायोलॉजीला 'का' विचार गं

आपल्या सोलापूरची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि आता बारावीचं बोर्ड डोळ्यांपुढे नाचायला लागलंय ना? दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलीस, आणि ही दोन वर्षं जेनेटिक्स, न्यूरॉन, हार्मोन असं सगळं इंग्रजीतून. पुस्तक उघडलं की छाती धडधडते? धडधडू दे. ती अ‍ॅड्रेनलिनची करामत आहे, तुझ्या धड्यातच आहे ती!

खरं सांगू का, आता पहिल्या पानापासून पुन्हा वाचत बसू नकोस. माझ्या पुस्तकात गुलाबी-हिरव्या हायलायटरची रंगपंचमी असायची आणि डोकं मात्र कोरं. तू एकेका धड्यातली एक गोष्ट धर आणि तिला 'का' विचारत जा. गोष्टीसुद्धा आपल्याकडच्याच घे.

जेनेटिक्समध्ये वाटाण्याचं ३:१ तुला येतं, ब्लड ग्रुप आले की गोंधळतेस. मग बॉम्बे ब्लड ग्रुप घे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. ए आणि बी अँटिजेन ज्याच्यावर तयार होतात, तो एच अँटिजेनच या लोकांत नसतो. म्हणून जनुक ए किंवा बी चं असलं तरी नेहमीच्या तपासणीत ग्रुप ओ दिसतो. पण ओ रक्त दिलेलं मात्र चालत नाही, कारण ओ रक्तात एच असतो आणि यांच्या रक्तात एचविरुद्धच्या अँटिबॉडी. आता सांग, आई-बाबा दोघांकडे एच जनुकाची एक चालू आणि एक बंद प्रत असेल, तर मूल बॉम्बे ग्रुपचं होण्याची शक्यता किती? चारात एक. बघ, शेवटी मेंडेलचाच वाटाणा! एबी ग्रुपच्या आईचं मूल तपासणीत ओ कसं दिसू शकतं, तेही आता तुझं तुलाच सुटेल.

आता चेतापेशी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये अपस्माराने तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. अपस्माराच्या झटक्यात मेंदूतल्या पुष्कळ चेतापेशी एकाच वेळी अनावर इंपल्स सोडत सुटतात. मग एक इंपल्स निघतो कसा, ते बघ. स्वस्थ असताना पेशीच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. चेतना मिळाली की सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर जातं. सोडियम-पोटॅशियम पंप मात्र तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, हे काम अखंड करत असतो. ग्राफ हाताने काढ आणि प्रत्येक चढ-उताराशेजारी कोण आत, कोण बाहेर ते लिही.

राहिलं शरीराचं नियमन. त्याला तर आपला उन्हाळा आहेच. पारा चाळिशीपार गेला की घाम येतो, शरीरातलं पाणी घटतं, रक्त दाट होतं. हायपोथॅलॅमसला ते कळतं, पिट्युटरीतून एडीएच सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते. पोटभर पाणी प्यालीस की एडीएच कमी. नळाला पाणी आल्यावर टाकी भरते आणि आई ओरडते ना, 'मोटर बंद कर गं!' तेच निगेटिव्ह फीडबॅक. इन्सुलिन-ग्लुकागॉनची जोडीही याच पद्धतीने मांडून बघ.

आणि थोडं ऐक माझं. पेपर ७० मार्कांचा, वेळ तीन तास, प्रॅक्टिकलचे ३० वेगळे. आकृती पेन्सिलनेच काढ आणि तिला नावं दिल्याशिवाय पुढच्या प्रश्नाकडे वळू नकोस. इंग्रजीची धास्ती वाटते? आधी मराठीत कारण समजून घे, मग छोटी छोटी इंग्रजी वाक्यं लिही. तपासणाऱ्याला तुझं अलंकारिक इंग्रजी नको असतं, बरोबर संज्ञा बरोबर जागी हवी असते. रात्री जागरणं नकोत, पाठ केलेलं झोपेतच पक्कं होतं. शेजारच्या मुलीचे किती धडे झाले ते तर मुळीच विचारू नकोस.

चल, उद्या सकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर सायनॅप्स काढ आणि मला फोटो पाठव. चुकलं असेल तिथे लाल पेनाने खुणा करायला मी बसलेय की!