सेवा करणाऱ्याला काय मिळते? : सिकलसेलच्या कामाचा एक अभ्यास

समाजासाठी काम करा, असे सांगताना आपल्याकडे बहुधा ऋणाची भाषा वापरली जाते. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखविली, तिचा आधार घेऊन समाजाचे देणे फेडण्याचा उपदेश आमच्या पिढीने असंख्य व्यासपीठांवरून ऐकला आहे. तो खराच आहे. मात्र ऋणाच्या भाषेत एक उणीव राहून जाते : ऋण फेडले की माणूस मोकळा होतो. वर्षातून एक धनादेश पाठविला, १४ एप्रिलच्या शिबिरात रक्त दिले, की पुढच्या एप्रिलपर्यंत सुट्टी. म्हणून या लेखात आम्ही प्रश्न उलट बाजूने विचारणार आहोत. आरोग्याच्या कामात स्वयंसेवक म्हणून उतरणाऱ्या माणसाला स्वतःला काय मिळते?

हा प्रश्न विचारणे काहींना हलके वाटेल. सेवेत लाभ कसला शोधायचा, असे ते म्हणतील. त्यांनी विनयपिटकातील महावग्ग पाहावा. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला आहे आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, हे तथागतांना विहारात फिरताना दिसते. कारण विचारता तो भिक्खू सांगतो की, मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. तथागत आणि आनंद त्याला धुतात, उचलतात, मंचकावर निजवितात. ही कथा आपल्या विहारांतून पुष्कळदा सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. आजारी भिक्खूचे निधन झाल्यास त्याचे चीवर व भिक्षापात्र ज्यांनी त्याची शुश्रूषा केली त्यांना द्यावे, आणि शुश्रूषा करणारा श्रामणेर असेल तर त्यालाही समान वाटा मिळावा, असा नियम त्याच ग्रंथात आहे. शुश्रूषा करणाऱ्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने करावी, अशी अपेक्षाही तेथेच नोंदविलेली आहे. म्हणजे हेतू मैत्रीचा असावा आणि तरीही करणाऱ्याच्या वाट्याला काही यावे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आमच्या समाजाला हा मुद्दा नीट समजून घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची फुकट कामे केली, ती सेवा नव्हती. ती वेठ होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते याच व्यवस्थेवर बोट ठेवण्यासाठी. ज्याला नाही म्हणण्याचा अधिकार नाही, त्याच्या श्रमाला दान म्हणता येत नाही. म्हणून आजही 'विनामूल्य काम' हे शब्द ऐकताच आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती योग्यच आहे. ज्या आशा कार्यकर्त्या भर उन्हात घरोघर फिरतात त्यांना कागदोपत्री स्वयंसेविका म्हणायचे आणि त्याच नावाखाली त्यांचे मानधन तुटपुंजे ठेवायचे, हा प्रकार आम्हाला वेठीचाच धाकटा भाऊ वाटतो. येथे आम्ही ज्या स्वयंसेवेविषयी लिहीत आहोत, ती पोटाची व्यवस्था झालेल्या माणसाने आपल्या राजीखुशीने दिलेल्या वेळाची आहे.

आपल्या भागात असे काम शोधायला दूर जावे लागत नाही. विदर्भातील बौद्ध, गोंड, परधान आणि इतर अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या सहाव्या दशकातच त्याची नोंद केली होती. त्याआधी १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या होत्या. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते, आणि वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडा-सांध्यांत असह्य कळा येतात. थंडी, पाणी कमी पिणे, ताप, अतिश्रम यांनी त्या कळा उठतात. हिवाळ्यात पहाटे थंड पाण्याने आंघोळ घालणारे वसतिगृह आणि कवायतीतून बाजूला बसणाऱ्या मुलाला आळशी ठरविणारे मैदान, ही दोन्ही अशा मुलासाठी धोक्याची ठिकाणे आहेत. निवासी शाळा चालविणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे.

हा आजार ज्यांच्यात आहे त्यांच्यात काही खोट आहे, असा एक अपप्रचार अधूनमधून कानी येतो. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला त्याचे उत्तर द्यावेसे वाटते. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान आणि मध्य भारत या मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, कारण ज्याच्याकडे ते आई-वडिलांपैकी एकाकडूनच आले आहे, त्याला मलेरियाच्या प्राणघातक रूपापासून बरेच संरक्षण मिळते. ही जातीची खूण नव्हे. पूर्वजांनी कोणत्या रोगाशी झुंज दिली, त्याची ती नोंद आहे.

या कामाला चळवळीचाही इतिहास आहे. १९६६ साली अमेरिकेत ओकलंड येथे स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव आपण घेतो, कारण १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने त्यापासून प्रेरणा घेतली. त्या पँथर तरुणांनी १९७१ पासून कृष्णवर्णीय वस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. सरकारने या आजाराची उपेक्षा चालविली आहे, असे म्हणत त्यांनी स्वतःच वस्त्यांत दवाखाने थाटले. १९७२ साली अमेरिकेच्या सरकारला या आजारासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाहक आणि रुग्ण यांतील भेद लोकांना नीट न समजल्यामुळे तेथे पुढे निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारण्याचे प्रकार घडले. अपुऱ्या ज्ञानाने केलेली सेवा कोणाच्या तरी अंगाशी येते.

आपल्याकडे नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी व रुग्णांच्या पालकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. एवढे मोठे काम केवळ सरकारी कर्मचाऱ्यांच्या बळावर तडीस जाईल, असे आम्हाला वाटत नाही. घाटंजी तालुक्यातील गावे, तांडे आणि पोड यांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला ते सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिबिरात बोट टोचून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले, नळीमागील रेघा दिसेनाशा झाल्या, की पुढे इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी करून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे ठरते. हे काम तंत्रज्ञांचे. स्वयंसेवकाचे काम अलीकडे आणि पलीकडे असते : लोकांना आणणे, आणि अहवाल आल्यावर त्याचा अर्थ समजावणे. या समजावण्यात आम्ही जे शिकलो, ते पुस्तकांतून शिकलो नव्हतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी होण्याची चारांत एक, हे फळ्यावर लिहायला सोपे आहे. वस्तीवर फळा नसतो. तेव्हा आम्ही आईच्या मुठीत एक तुरीचा व एक सोयाबीनचा दाणा देतो, बापाच्या मुठीत तसेच दोन, आणि न पाहता एकेक दाणा काढायला सांगतो. दोन्ही दाणे तुरीचे निघाले तर मूल रुग्ण. एकदा हे पाहून एका बाईने विचारले, "पयलं लेकरू बिमार झालं, म्हंजे आता पुढचे तिघं चांगले ना, गुरुजी?" आम्ही उत्तर जुळवीत होतो, तोच तिच्या सासूने तिच्या मुठीत दाणे परत कोंबले आणि म्हणाली, "दाने तं वापसच ठेवा लागते ना व! दर खेपेला नव्यानं काढाचे." संभाव्यतेचा याहून स्वच्छ पाठ आम्ही तीस वर्षांच्या अध्यापनात दिलेला नाही. तेव्हापासून वर्गातही आम्ही आधी दाणे देतो, व्याख्या नंतर.

हा पहिला लाभ. ज्ञान दुसऱ्याला देताना ते तपासून निघते. दुसरा लाभ असा की, शिकलेल्या माणसाची ऐकण्याची सवय मोडलेली असते, ती येथे परत लागते. आजाराविषयी माणूस ओट्यावर बोलत नाही. चहा होतो, कापसाच्या भावाविषयी बोलणे होते, मग कोठे धाकट्या मुलीच्या कावीळभरल्या डोळ्यांचा विषय निघतो. तिसरे असे की, एरवी जयंतीच्या मिरवणुकीपुरते ज्यांच्याशी संबंध येतात, अशा गोंड-परधान वस्त्यांतील घरांशी जे नाते जोडले जाते, ते भाषणांतून जोडले गेले नसते. शिबिरात पहिल्यांदा टेबल लावायला आलेल्या काही मुला-मुलींना तेथेच प्रयोगशाळा तंत्रज्ञ किंवा परिचारिका होण्याची वाट दिसली. आणि सेवानिवृत्तीनंतर दुपारी वेळ अंगावर येणाऱ्या मंडळींविषयी काय लिहावे? त्यांना औषधाच्या गोळ्यांपेक्षा सकाळी कोणीतरी वाट पाहत आहे, याचाच आधार अधिक वाटतो.

यावर शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १९५७ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांचा अनेक दशके पाठपुरावा करण्यात आला. त्या माजी विद्यार्थ्यांवर आधारलेला एक शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. वार्धक्यात स्वयंसेवा करणाऱ्यांपैकी जे इतरांसाठी म्हणून ती करीत होते, त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. जे मुख्यतः स्वतःच्या लाभासाठी करीत होते, त्यांचे प्रमाण स्वयंसेवा न करणाऱ्यांसारखेच होते. धडधाकट माणसेच अशा कामाला अधिक येतात, त्यामुळे असा निष्कर्ष जपूनच वापरावा लागतो. तरी छायाचित्रापुरते हातमोजे घालणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

सर्वांत कठीण काम विवाहाचे. आपण पत्रिका पाहत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. मग रक्ताचा अहवाल पाहणे आपल्याला सर्वांत सोपे जायला हवे होते. प्रत्यक्षात तपासणी मुलीचीच मागितली जाते, मुलाची विचारली की बैठक उठते. वाहक मुलीचा अहवाल फुटला की तिचे जमलेले लग्न मोडते, वास्तविक वाहक व्यक्ती निरोगी असते आणि जोडीदार वाहक वा रुग्ण नसेल तर तिच्या पोटी रुग्ण मूल येत नाही. आणि रुग्ण मूल जन्माला आलेच, तर दोष सुनेच्या माथी, जरी विज्ञानानुसार त्यात दोघांचाही समान वाटा असतो. येथे डॉक्टरपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द चालतो. तुम्ही माजी विद्यार्थी ज्या गावांत, ज्या कार्यालयांत गेला आहात, तेथे तो शब्द तुमचा आहे. आधी आपल्या घरातील उपवर मुलाची तपासणी करून घ्या, मग दुसऱ्याच्या दारात जा.

हे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी थोडी पथ्ये. औषध सुचवू नये; फॉलिक ॲसिड असो की हायड्रॉक्सियुरिया, ते डॉक्टरांनीच द्यावे. कळा उठलेल्या मुलाला अंगारा-धुपाऱ्यात वेळ न घालविता ग्रामीण रुग्णालयात न्यावे, गरज पडल्यास यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. अहवाल ज्याचा त्यालाच सांगावा, सरपंचालाही नाही. आणि ज्यांना बोलणे जमत नाही, त्यांनी मागे राहण्याचे कारण नाही. नावनोंदणीच्या टेबलावर अक्षर वाचता येईल असे लिहिणारा, पिण्याच्या पाण्याची कॅन भरलेली आहे ना हे पाहणारा आणि जेवणाच्या सुट्टीनंतरही परत येणारा माणूस प्रत्येक शिबिरात एक तरी कमी पडतो.