दारातली चार हात जागा आणि अंगातले रक्त

निंदणाला गेल्यावर दोन तासांतच हातपाय गळतात. खाली बसून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. शाळेतली मुलगी दुपारी पेंगते. "अशक्तपणा आहे, होईल कमी," असे म्हणून आपण ते सोडून देतो. बहुतेक वेळा हा रक्तक्षय असतो, म्हणजे अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर महिलांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण शंभरात जवळपास ६९ आहे.

या दुखण्यावरचा एक उपाय आपल्या दारातच आहे. न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाते आणि डबके साचते, ती चार हात जागा म्हणजे आपली परसबाग. जागा अजिबात नसेल तर खताची रिकामी गोणी, फुटका माठ, तेलाचा पिपा यांतही भाजी येते. बुडाला भोके मात्र पाडा. एक ताकीद आधीच देतो: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी तो घरात आणायचा नाही. त्यात रोप नको आणि पाणी तर नकोच.

पावसाळा : लावणीचा आणि सावध राहण्याचा काळ

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली की सुरुवात करा. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तोवर बी मातीत गेलेले असावे. अंबाडी, तांदुळजा, चवळी, भेंडी आणि कुंपणावर चढवायला दोडके, कारले, वाल. कुंपणाला पऱ्हाटी चालते, वेलाला तिचाच आधार होतो. तांदुळज्याचे सगळे बी एकदम टाकू नका. दर पंधरा दिवसांनी एक मूठ पेरले तर भाजी तुटत नाही.

शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्यात लावली की जगते. शेवगा दारात लावू नये, असे काही जण सांगतात. त्यात तथ्य एवढेच की त्याची फांदी ठिसूळ असते, वाऱ्याने मोडून टिनावर पडते. म्हणून भिंतीपासून थोडा दूर लावा आणि शेंगा संपल्या की दरवर्षी कमरेच्या उंचीवर छाटा. नवा फुटवा हाताशी येतो आणि पाला तोडायला चढावे लागत नाही.

पावसाळ्यात तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, डास. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळी भांडी, टाकी, कुंडीखालची ताटली रिकामी करून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही टिकतात. टायर, करवंट्या, फुटके डबे बागेत ठेवू नका.

दुसरी, साप. विटा, सरपण आणि पाल्याचा ढीग घराला लागून नको. ढिगात उंदीर येतात आणि उंदरामागे साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे विषारी साप. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, तेव्हा झोप खाटेवर आणि मच्छरदाणीत बरी. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचे औषध तिथे असते. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास जिवावर बेततो.

तिसरी, पायातली चप्पल. जिथे उघड्यावर शौच होते तिथल्या ओल्या मातीत हुकवर्म नावाच्या जंताची बारीक पिल्ले असतात. ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्याला चिकटतात आणि रक्त पितात. म्हणजे बागेत अनवाणी राबायचे, भाजी पिकवायची आणि तिने भरलेले रक्त जंतांना द्यायचे! चप्पल घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी मिळते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

हिवाळा : पालेभाजीचा खरा हंगाम

दीक्षाभूमीवरून परतलो की वाफे मोकळे करा. मेथी, पालक, सांबार, चुका, मुळा, गाजर, टोमॅटो, वांगी यांचे हे दिवस. मेथी पंचवीस-तीस दिवसांत तोडणीला येते. पालक मुळासकट उपटू नका, वरून कापा, पुन्हा फुटतो.

खत घरचेच. खड्ड्यात शेण, पाला, भाजीची देठे, चुलीची थोडी राख टाकून वर माती लोटत राहा. तीन-चार महिन्यांत ते काळे आणि भुसभुशीत होते. मावा किंवा अळी दिसली तर पन्नास ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण मिसळून संध्याकाळी फवारा. शेतातले उरलेले औषध घरच्या वांग्यावर मारायचे नाही. २०१७ च्या फवारणी हंगामात आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, विषबाधेने शेतमजूर दगावले. ते विष आपल्या ताटात आपणच का आणावे?

उन्हाळा : झाडे जगवण्याचे दिवस

एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्यासाठीच रांग असते, बागेला कुठून द्यायचे? म्हणून उन्हाळ्यात पालेभाजीचा हट्ट नको. शेवगा, पपई, लिंबू, गोडलिंब ही चार झाडे जगवली तरी पुरे. अंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी नालीऐवजी यांच्या आळ्यात सोडा. साबणाचे पाणी पालेभाजीवर मात्र टाकू नका, झाडाच्या बुडाशीच द्या आणि रोज एकाच झाडाला नको. बुंध्याभोवती सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटे थर दिला तर ओल टिकते. पाणी संध्याकाळी घाला.

घाटाखाली, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, अडचण निराळी आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागात अनेक ठिकाणी बोअरचे पाणी खारे आहे. ते दिले की मातीवर पांढरी पापुद्री धरते आणि श्रावणघेवड्यासारखी भाजी करपते. तिथे पालक आणि बीट त्यातल्या त्यात तग धरतात. शेणखत जास्त घाला, माती उघडी ठेवू नका आणि पावसाळ्यात टिनावरचे पाणी वाफ्यात वळवा, म्हणजे मीठ खाली धुऊन जाते. ज्यांना किडनीचा आजार आहे त्यांनी पालेभाजी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

वाफ्यातून ताटात

प्रौढ बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. शंभर ग्रॅम तांदुळज्यातून किंवा शेवग्याच्या पाल्यातून साधारण साडेचार मिलिग्रॅम मिळते आणि त्यातलेही थोडेच अंगी लागते. ते जास्त लागावे म्हणून भाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत कच्चा टोमॅटो खा. जेवणासोबत चहा नको, तो लोह शोषू देत नाही. तासाभराने घ्या. भाजी आधी धुवा, मग चिरा. शेवग्याचा पाला वरणात टाकला तर लहान मूलही खाते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रक्त फार कमी असेल तर नुसत्या भाजीने ते भरून निघणार नाही. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. मळमळते, शौचाला काळी होते म्हणून गोळ्या फेकू नका. काळी शौच गोळीमुळेच होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. आशाताईला सांगून रक्त तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

आणि शेवटची गोष्ट, ताटातली वाटणी. दारात भाजी पिकली, पण आधी पुरुषांनी, मग मुलांनी खाल्ली आणि पातेले पुसून घ्यायला घरची बाई शेवटी बसली, तर परसबागेचा उपयोग काय? जिला सर्वांत जास्त लोह लागते तिच्या ताटात भाजी आधी पडली पाहिजे. वाफ्याला पाणी घालणे, आळे करणे ही कामेही घरातल्या सगळ्यांची. येत्या रविवारी विहारातून परतल्यावर घरातल्यांनी मिळून दारातली चार हात जागा मोजा आणि एक फावडे मारून सुरुवात करा.