हाताचा कल आणि संगणकाचा खेळ

बंगळूरमधील राजाजीनगरापासून थोड्याच अंतरावर भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या सहभागातून ‘सिम्प्यूटर’ हा हातात मावणारा संगणक जन्मास आला. त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती २००४ साली निघाली. ‘लिनक्स’ ही तिची कार्यप्रणाली होय.

अमिडामध्ये त्वरणमापक बसविलेला होता. यंत्र नुसते कलवून काही खेळ खेळता येत. हे कसे घडते? सपाट ठेवलेल्या यंत्राच्या पृष्ठास समांतर असा गुरुत्वाकर्षणाचा घटक शून्य असतो. यंत्र ३० अंशांनी कलविले की तो गुरुत्वत्वरणाच्या निम्मा होतो. त्वरणमापक त्याचे विद्युत्संकेतात रूपांतर करतो.

परंतु संकेत म्हणजे आज्ञा नव्हे. लिनक्समध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचा कार्यक्रम संकेतांना ठरावीक स्वरूपाच्या अंकांत मांडतो आणि खेळ ते अंक वाचतो. म्हणून नियंत्रक नवा आला, तरी खेळ नव्याने लिहावा लागत नाही. योग्य ड्रायव्हर असला म्हणजे पुरे. लिनक्सची मूळ आज्ञावली सर्वांस खुली असल्यामुळे तो कोणाही जाणकारास लिहिता येतो.

सिम्प्यूटरचा प्रसार अपेक्षेइतका झाला नाही. तथापि २०२२ साली आलेल्या ‘स्टीम डेक’ या लिनक्सवर चालणाऱ्या खेळयंत्रातही हाताचा कल असाच अंकांत मोजला जातो.